झटका मशीनची तोंडी गॅरंटी

२८ सप्टेंबर, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठ्या धंद्याची सुरुवात कागदावर राहिली पाहिजे. मूल गावात मला घड्याळवाला नूरुद्दीन म्हणतात. ते आता बंद. यापुढे सीलबंद बॅटरी. सगळी दुनिया हिच्यावर चालते आणि कोणाला पत्ता नाही. राईस मिलचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, बँकेतला यूपीएस, मोहर्लीच्या रिसॉर्टमधले इमर्जन्सी लाइट, फवारणीचा पंप, सगळीकडे हीच. माझ्या माळ्यावर चाळीस आहेत. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आणलेल्या. खोक्यावर ठळक छापलंय, मेंटेनन्स फ्री.

२९ सप्टेंबर
फरहाने डोकं खाल्लं. आयटीआयची इलेक्ट्रिशियन झाली म्हणून बापाला शिकवते. म्हणे सीलबंद असली तरी पडून पडून आतून उतरते, दर तीन महिन्यांनी चार्जिंगला लावावी लागते, या तर मेल्या असतील. मी विचारलं, लोणच्याच्या बरणीचं तोंड एकदा बांधलं की आपण दर तीन महिन्यांनी नवं मीठ घालतो का? गप्प झाली. शमसुन्निसा म्हणते गप्प नाही झाली, उठून गेली. बायकोला बारकावे कळत नाहीत.
मीटर लावून पाहिला. बारा व्होल्ट. फरहा आतून ओरडली, बल्ब जोडून लोड टाकून बघा. गरज नाही.

२ ऑक्टोबर
पहिलं गिऱ्हाईक. बायनाबाई, जंगलाला लागून दोन एकर धान. धान निसवलंय, लोंब्या बाहेर आल्यात आणि रानडुकरं मागे लागलीत. बाई साठीच्या, रोज रात्री मचाणीवर बसून डबा वाजवत जागल करतात. गुडघे गेले. कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं सोलरचं झटका मशीन आहे, पण त्याची बॅटरी संपली. दिली. एक वर्षाची गॅरंटी, तोंडी. लेखी कशाला पाहिजे?

५ ऑक्टोबर
बायनाबाईंचा फोन. मशीन दिवसा टिकटिक करते, सूर्य बुडाला की बंद. कारणं उघड आहेत. ढग. तारेला लागलेलं गवत. पॅनलवर बसणारे बगळे. फरहा म्हणाली, मी नवी नेऊन बसवते. सक्त मनाई केली. पहिल्याच गिऱ्हाईकाला बदलून दिली तर उरलेल्या एकोणचाळीस कोण घेणार?

७ ऑक्टोबर, रात्री
स्वतः जाऊन आलो. पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. बायनाबाईंच्या धानाच्या बांधीवर पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळ्यांचा एकच प्रश्न, तारेत करंट आहे का नाही. बोलून भागणार नव्हतं, म्हणून तार सरळ हातात धरली.
झटका बारीक होता. फारच बारीक. पण गिऱ्हाईकाला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं. म्हणून मी जोरात बोंबललो, दोन पावलं मागे उडालो आणि चिखलात बसलो. नंतर तारेजवळ कोणी फिरकलं नाही. बायनाबाईंनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, आजपासून घरी झोपते. जागेवर चार ऑर्डर.
घरी फरहाने पँटचा चिखल पाहिला आणि विचारलं, किती व्होल्ट होते. मी म्हणालो, भरपूर.

९ ऑक्टोबर
फरहा म्हणते, अब्बा, बायनाबाईंना सांगा जागल सोडू नका. असं सांगितलं तर गॅरंटीला काय अर्थ राहिला? जेवण एकट्याने केलं.
नवी योजना: चामोर्शीच्या बाजारात टेबल लावायचं. बोर्ड रंगवायला दिला. नूर पॉवर.

११ ऑक्टोबर
बायनाबाईंचा पुतण्या धम्मदीप याचा सकाळीच फोन. डुकरं आली होती. एक एकर गेलं. खाल्लं कमी, लोळवलं जास्त.
डुकराची कातडी जाड असते. शिवाय ही ताडोबाकडची असणार, रोज गाड्या बघतात, तारेला काय भिणार. कंपनीने मशीन बनवताना याचा विचार करायला हवा होता. माझी चूक नाही.
चहा गेला नाही.

१२ ऑक्टोबर
बायनाबाई दुकानात आल्या. भांडतील म्हणून तयारीत होतो. भांडल्या नाहीत. पिशवीतून बॅटरी काढून काउंटरवर ठेवली.
“नूरभाऊ, करंट तुमाले लागला. मंग डुकराले काऊन नाई लागला?”
कातडीचं उत्तर तोंडावर होतं. कंपनीचंही होतं. त्यांनी बॅटरी माझ्याकडे सरकवली.
“मले बी नाई लागला, बाई,” मी म्हणालो.
इथेही तेच लिहून टाकतो. नव्हता लागला. बारीकही नव्हता.
बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, “मी तुमच्या भरोशावर झोपली ना.” नंतर उठता उठता सांगितलं की एक एकर अजून उभं आहे, कापणीपर्यंत त्याची जागल तुम्ही करायची, ओरडता तुम्हाला चांगलं येतं.
फरहाने संध्याकाळी माळ्यावरच्या सगळ्या खाली घेतल्या आणि एकेकीवर लोड टाकला. मी मोजत नव्हतो. एकही टिकली नाही.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०, मचाण
फरहाने नवी बॅटरी आणून बसवली. मी तारेला हात लावायला गेलो, तिने अडवलं. बायनाबाई म्हणाल्या, बॅटरी असू द्या, तुम्ही पण बसा. ठीक आहे. धंद्यात विक्रीनंतरची सेवा सगळ्यात मोठी, हे मी आधीपासून म्हणतोय. इतर कोणता दुकानदार मचाणीवर चढतो?
कापणीला पंचवीस दिवस आहेत. पाठीला आत्ताच रग लागली.
बायनाबाई डबा आणि काठी देऊन आत्ताच घरी गेल्या. आजही माझ्याच भरोशावर झोपतील. डोळा लागू द्यायचा नाही.