गाडीला नवा रंग देऊ नये

मी सौदामिनीबाई, भ्रतार कैलासवासी डॉक्टर वसंतराव देगलूरकर, वय वर्षे छप्पन्न, राहणार नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. शरीर बरे नाही, पण डोके जागेवर आहे. कोणी शिकवले म्हणून किंवा कोणाच्या भिडेने लिहीत नाही. येत्या गुरुवारी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी मला हैदराबादला नेणार आहेत. परत आले तर हा कागद मीच फाडीन. न आले तर मागे मोटारसायकलीचे काय होईल, या काळजीने अन्न गोड लागत नाही. म्हणून बाकीचे आधी उरकते.

१. राहते घर माझ्या वडिलांनी मला दिलेले, म्हणून ते माझ्या मर्जीचे. ते माझी एकुलती मुलगी चंद्रप्रभा हिला. ती लातूरला डॉक्टरीण आहे, इथे राहायला येईल असे वाटत नाही. माझी धाकटी विधवा जाऊ गोदावरी हिने मागच्या दोन खोल्यांत हयातभर राहावे. तिला कोणी उठवू नये.

२. बँकेत उरेल त्यातले अर्धे चंद्रप्रभेला, अर्धे गोदावरीचा मुलगा बापूसाहेब याला. त्याने ते वैशाखात स्वतःच्या लग्नात उडवले तरी चालेल. गाडीवर मात्र एक पैसा लावू नये. कारण पुढे येईल.

३. पितळेची सर्व भांडी गोदावरीला. ती तिने हवी तेवढी घासावीत.

४. शिवणयंत्र साबेरा हिला. ती आमचे जुने कंपाउंडर गुलाम रसूल यांची सून. खुद्द गुलाम रसूल या कागदाचे साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. मी त्यांना हे सांगितले तेव्हा म्हणाले, "बाईसाहेब, सात वर्षं डॉक्टरसाहेबांच्या मागं बसून धूळ खाल्ली, ती काय कमी दिली तुम्ही?"

५. आता मोटारसायकल.

ती आमच्या घरी आली तेव्हा काळी कुळकुळीत होती आणि टाकीवर केसासारखी सोनेरी रेघ होती. काळ्या रंगात तोंड दिसे. डॉक्टर ती खेड्यापाड्यांत न्यायचे आणि मी दारात फडके घेऊन वाट पाहायची. काळ्या मातीची धूळ फार वाईट. कोरडी पुसली की रंगावर बारीक ओरखडे उठतात. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंट शाळेत मदर आम्हाला पियानो पुसायला शिकवीत: मलमल चौपदरी, हात एकाच दिशेने, गोल कधी फिरवायचा नाही. गाडी मी तशीच पुसत आले. जिच्या हाती ती जाईल तिने असे करावे. आधी मोरपिसांच्या कुंच्याने धूळ झटकावी. मग पाणी, मग मलमल. चाकांच्या तारांना खोबरेल तेलाचा नुसता हात. लिंबाखाली उभी करू नये. चीक आणि पाखरांची घाण वर पडते. गाडीच्या कोठीचे दार लावून घ्यावे, नाहीतर कोंबड्या सीटवर रात्र काढतात. दसऱ्याला झेंडूची माळ घालावी, पण तेलात कालवलेला शेंदूर लावू नये, नारळ तिच्यावर फोडू नये. देवी समजून घेईल. मी माहूरला जाऊन तसे बोलून आले आहे.

आणि चिंच लावू नये.

पहिल्याच दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोदावरीने माझ्या माघारी पुढचा दिवा चिंच आणि राखेने घासला. मी आले तेव्हा दिव्याची पांढरी झिलई निम्मी गेलेली आणि खालून पिवळे दिसत होते. गोदावरी घामाघूम, पण चेहरा हसरा.

"अक्का, आत अस्सल पितळ हाय की. कुणी येड्यानं वरून कल्हई करून ठिवली व्हती."

मला रडू आले. डॉक्टर मात्र उंबऱ्यात बसून हसत राहिले. म्हणाले, "गोदावरी, अजून जोर लावला असतास तर आतून मोटार निघाली असती."

त्या दिवसापासून मी कोठीला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला. डॉक्टर गेल्यावरही गाडी रोज पुसली. पेट्रोल मिळत नव्हते आणि ती कोणी चालवत नव्हते, तरी पुसली. आता मी हैदराबादला, बापूसाहेब दिवसभर कचेरीत, आणि घरात उरते फक्त गोदावरी. काल किल्ली तिला द्यावी लागली. सगळे दोनदा सांगितले. ती म्हणाली, "चिंच तिला दावणारबी न्हाई, अक्का. जावा तुमी सुखानं." मी तिसऱ्यांदा सांगू लागले तेव्हा ती म्हणाली, "आन् ते टाकीवरचे दोन डाग म्या पुसणार न्हाई. भावजींचं बसणं हाय ते."

मला वाटे, हे फक्त मलाच माहीत आहे.

त्याचे असे. टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकायला रबरी गाद्या होत्या. आपल्याकडच्या उन्हात रबर विरघळून रंगाला चिकटेल, या भीतीने मीच त्या काढून ठेववल्या. मग डॉक्टरांचे गुडघे थेट रंगावर टेकू लागले. सात वर्षांत तिथे दोन तळहाताएवढ्या जागा मंद झाल्या. त्यांच्या हयातीत मी त्यांवरून फार बोलले. "धोतराची घडी घालून मध्ये धरा," असेही म्हणाले. आता मी सगळी गाडी पुसते आणि तिथे आले की हात उचलते.

बापूसाहेबाने परवा हौसेने सांगितले, वरातीसाठी गाडी तो हैदराबादहून लाल रंगवून आणणार आहे. "काकू, अशी नवी करून आणतो की तुम्हीसुद्धा ओळखणार नाही." मुलगा मनाचा चांगला आहे. पण मला त्याच बोलण्याचे भय वाटते. म्हणून स्पष्ट लिहिते: या गाडीला कोणीही, कोणत्याही कारणाने, नवा रंग देऊ नये. वरातीला न्यायची असेल तर आहे तशी न्यावी आणि संध्याकाळी परत आणून पुसावी. दिव्याचीही झिलई करू नये. पिवळा आहे तो तसाच राहू द्यावा. गोदावरीने तो प्रेमाने घासला होता.

६. गाडी कोणाला द्यावी हे परवापर्यंत ठरत नव्हते. चंद्रप्रभेला चाकूरकडच्या बाळंतिणींना पाहायला बैलगाडीने जावे लागते. तिने पूर्वी मागितली होती. मी नाही म्हणाले. चिखल, बाभळीचे काटे, आणि बाईमाणूस.

परवा ती मला न्यायला लातूरहून आली. मी पुसत होते, ती शेजारी उभी राहिली. मग नऊवारीचा कासोटा सारखा करून सहज वर बसली.

"आई, ओरडू नकोस. नुसती बसते आहे."

मी ओरडणारच होते. तिची उंची आणि पायांची लांबी वडिलांची. तिने पाय वर घेतले आणि दोन्ही गुडघे जाऊन टेकले ते बरोबर त्या दोन जागांवर. तिला त्या जागांचे काही माहीत नव्हते. मी कधी सांगितले नव्हते.

"ब्रेक कुठं आहे गं?" तिने विचारले.

तेव्हा मोटारसायकल चंद्रप्रभेला. गुलाम रसूल यांना डॉक्टरांनी चालवायला शिकवले होते; त्यांनी तिला शिकवावे, हळू. कोठीत ठेवून देण्यासाठी देत नाही. चिखलात जाईल, ओरखडे पडतील, ते मी आत्ताच डोळ्यांसमोर पाहते आहे. तरी न्यावी. घरी आल्यावर मात्र धूळ वाळू देऊ नये. काढलेल्या रबरी गाद्या माझ्या ट्रंकेत तळाशी आहेत. त्या परत बसवू नयेत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे.

सौदामिनीबाई देगलूरकर
(सही)

आमच्यासमोर सही केली:
१. गुलाम रसूल, कंपाउंडर, नांदेड (सही उर्दूत)
२. वीरण्णा निलंगेकर, वकील, नांदेड (सही)

मुक्काम नांदेड, ता. ११ फेब्रुवारी १९४६, फसली सन १३५५