काळूशेठचा घास

१४ सप्टेंबर
त्या दिवशी सकाळी तापीकाठी, बायकोच्या, इंदूच्या दहाव्याला, मी फक्त रुमाल झटकला होता. पिंडावर माशा बसत होत्या. एवढंच. कावळा त्यानं उडाला असं मुलाचं, प्रशांतचं म्हणणं. नंतर नातेवाइकांनी इंदूला नाना शब्द दिले, पण कावळा फिरकला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. चार महिने झाले. आता मन अगदी शांत आहे. रोजनिशी रोज लिहायची.

१६ सप्टेंबर
टीव्हीवर काळूशेठ परत येतोय! जुनं कार्टून. काळूशेठ हा कावळा, जन्माचा भुकेला. तोंडाशी भाकरी आली की बेडकी ती ओढून न्यायची आणि हा आपटायचा. प्रशांत लहान असताना इंदू त्याच्याबरोबर बघायची. प्रशांत मोठा झाला, ही बघतच राहिली. पदर तोंडाला लावून हसायची. मला कार्टूनची आवड नाही. सोमवारी पाच मिनिटं बघेन.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी
नवा काळूशेठ गुळगुळीत. पंखात मोबाइल. आवाज भलत्याचाच. गाणं मात्र तेच ठेवलंय. ते लागलं आणि स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या. सून अश्विनी तेव्हा गच्चीवर कपडे काढत होती. मी वळून पाहिलं नाही. देवाचं नाव घेतलं. काळूशेठ भाकरीपाशी पोचला तसा टीव्ही बंद केला. वीज फार जळते.

२३ सप्टेंबर
पुन्हा गाणं, पुन्हा बांगड्या. मी भीत नाही. उधन्याच्या कापड कारखान्यात मागाच्या खडखडाटात उमर गेली, कान वाजणारच. घासाच्या आधी बंद केला. अश्विनी म्हणाली, "पप्पा, एकदा शेवट तरी बघू द्या." म्हटलं, डोळ्यांना चांगलं नाही.

२७ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. शेजारच्या सरलाबाई आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "भाऊ, इंदुबाईले कसाले आडाई ठेवं?" म्हटलं, मी कोण अडवणारा? कावळाच आला नाही. "उना व्हता ना! आम्ही समदा देखी राहिंतूत."
सगळ्यांनी कावळा आलेला पाहिला म्हणे. त्यांना लांबून माशा दिसल्या नसतील.

३० सप्टेंबर
ठराव केला. काळूशेठलाच घास द्यायचा. कावळा तो कावळा. टीव्हीसमोर ताटलीत वरणभात ठेवला, हात जोडले. गाणं, बांगड्या. ऐन वेळी बोट रिमोटवर गेलं. सवय, दुसरं काय. भाताला मुंग्या लागल्या.
प्रशांत म्हणाला, "पप्पा, तो चित्रातला आहे. तो कसा खाईल?"
"खाणार नाही, म्हणूनच बरा," मी बोलून गेलो. अश्विनीनं ताटली उचलली.

२ ऑक्टोबर
रिमोटचे सेल संपले. उठेपर्यंत उशीर झाला. काळूशेठनं भाकरी खाल्ली. बेडकीनंच त्याला अर्धी मोडून दिली. नव्यात दोघांची दोस्ती आहे म्हणे. चोच पुसून तो उडून गेला. त्याचा चेहरा किती निवांत! इतकी वर्षं तो उपाशी होता आणि आम्ही हसत होतो.
बांगड्या वाजल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत ओटा पुसलेला, भांडी पालथी. इंदू मे महिन्यापासून जेवली नसेल, असं एकदम मनात आलं. पाण्याचा पेला भरला आणि तसाच ओट्यावर ठेवला.
सेल आणायचे नाहीत.

४ ऑक्टोबर, अविधवा नवमी
अश्विनीनं खीर, वडे, गवारीची भाजी केली. पान गच्चीवर मी स्वतः ठेवलं. आमच्या गोडादरा भागात कबुतरंच फार, कावळा येईलसं वाटलं नव्हतं. बराच वेळ कुणी आलं नाही. मला बरं वाटू लागलं होतं.
प्रशांत म्हणाला, "पप्पा, थोडं मागे सरका."
सरकलो. शब्द कसलाच दिला नाही. एवढंच म्हटलं, "इंदू, जेवी ले. जाय मंग."
पाण्याच्या टाकीवर एक येऊन बसला. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. मग उतरला, वडा उचलला आणि गेला.
माशा आजही होत्या. रुमाल मी खाली घरातच ठेवून आलो होतो.