ओट्याखालची गळती

मंगळवार, ४ मार्च

मास्तरीणबाई, चष्मा तुमच्या डोक्यावरच आहे. घरभर काय शोधताय! — हेही लिहा. लिहायला बसलात तर सगळं लिहायचं, सोयीचं तेवढं नाही.

मला अक्षर येत नाही म्हणून या मास्तरीणबाई खालच्या मजल्यावरून वर येतात, चहा पितात आणि मी बोलते ते उतरवून घेतात. वहीचं कारण माझा लेक. मागच्या महिन्यात माझ्या हातून एकदा दूध करपलं. एकदाच! तर म्हणतो, "आई, तू विसरतेस. आता आणखी काही झालं ना, तर तुला घेऊनच जाणार." रविवारी येतोय. नात फोनवर म्हणते, "आजी, ये ना, तुला माझ्या खोलीत ठेवीन." ठेवीन म्हणे! मी काय कपाट आहे?

म्हणून वही. मला काय काय आठवतं ते लेकाला वाचू दे.

बुधवार, ५ मार्च

झालं! सकाळी स्वयंपाकघरात पाय ठेवला तो पाण्यात. ओट्याखालच्या पाईपातून चिळकांडी उडत होती. तेवढ्यात दारात मास्तरीणबाई — "मावशी, माझ्या छतातून पाणी गळतंय! नेमकं खाटेवर!"

ओट्याखाली बटणांचा बोर्ड आहे. आधी मेन स्विच पाडला, मग पाण्यात हात. बाई आधी हात घालायला निघाल्या होत्या, मी ओरडले. आयुष्यभर मुलांवर ओरडलेल्या बाईवर ओरडायला बरं वाटलं.

न्हाणीच्या भिंतीवर दोन कॉक आहेत. लेकाने मागे त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. बाईंनी वाचलं, "मुख्य". दोन्ही हातांनी फिरवला. पाणी तसंच! "अहो, इथे स्पष्ट लिहिलंय," म्हणत पुन्हा आवळला. पाण्याला कुठे वाचता येतं?

मी दोन्ही पाईपांवर तळवा ठेवला. एक गप्प, दुसरा थरथरत होता. मी तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली, पाणी कुठून पळतंय ते हाताला कळतं. दुसरा बंद केला. चिळकांडी बसली. मग न्हाणीतला खालचा नळ सोडून पाईपात उरलेलं पाणी काढून टाकलं.

प्लंबरला बाईंनी फोन लावला. "शुक्रवारी येतो."

शुक्रवारी! म्हणजे लेकाच्या आधी दोनच दिवस. बाईंना म्हटलं, त्याला एक अक्षर कळवायचं नाही. "आणि वहीत?" वहीत खरंच लिहा. तो वाचेल तोवर पाईप बदललेला असेल.

गुरुवार, ६ मार्च

कॉक जुना, पुरता बसत नाही. थेंब चालूच. टप्, टप्, टप्. बाईंचं डोकं उठलं, माझं नाही — मला उजव्या कानाने तसंही कमी ऐकू येतं.

सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली. पाईप कोरडा पुसला. ओल्यावर पट्टी घसरते. मग ताणून ताणून, एकावर एक वेढे देत बांधली. तरी मधूनच एक थेंब. त्या जागी सुती दोरा बांधून त्याचं टोक बादलीत सोडलं. थेंब दोऱ्यावरून गुपचूप उतरतो. बाई म्हणाल्या, "हे कुठे शिकलात?" म्हटलं, तुमच्या शाळेत नाही.

लेकाचा फोन. "काय चाललंय?" — "काही नाही रे. पाण्याकडे बघत बसलेय." खोटं बोलले का? नाही!

खाली बाईंच्या छताचा पोपडा गादीवर पडला. त्यांना म्हटलं, खाट वर आणा, छत सुकेपर्यंत इथेच झोपा. "तुम्हाला त्रास," म्हणाल्या. म्हटलं, तुम्ही घोरता ते जिन्यापर्यंत ऐकू येतं, आता जवळून ऐकते.

शुक्रवार, ७ मार्च

प्लंबर आला! ओट्याखाली वाकला आणि तिथूनच विचारलं, "हे कोणी बांधलं?"

"मी."

"आजी, माझ्याकडे कामाला येता का?"

"गुडघे तुझे देत असशील तर येते."

पाईपाचा तुकडा बदलला, कॉक नवा बसवला. मग भिंतीकडे बघून हसायला लागला. चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय! 'मुख्य' लिहिलंय ते गिझरच्या पाईपावर. मला वाचता येत नाही म्हटल्यावर म्हणतो, "वाचता येत असतं तर तुम्हीही तोच फिरवत बसला असता, आजी."

बाईंनी हे फार बारीक अक्षरात लिहिलंय, मला दिसतंय. मोठं काढा!

हात पुसले, सगळे नळ सोडून बघितले. ओट्याखाली कोरडं ठक्क. किती दिवसांनी पाठ टेकून बसले.

शनिवार, ८ मार्च

छत अजून ओलं. खाट वरच.

रविवार, ९ मार्च

लेक आला. येताना रिकामी बॅग घेऊन. माझे कपडे भरायला, दुसरं काय!

त्याने वही वाचली. मध्येच उठून न्हाणीत गेला, बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या खरवडून हातात. "आई, या मीच लावल्या होत्या." माहीत आहे रे राजा.

"तू निभावलंस. पण एकटी कशी राहशील?"

तेव्हा मास्तरीणबाई, ज्या शाळेबाहेर कधी आवाज चढवत नाहीत त्या, म्हणाल्या, "एकटी कुठे? मी आहे ना." मला वाटलं, वेळ मारून नेतायत.

बॅग रिकामीच परत गेली.

सोमवार, १७ मार्च

छत सुकलं, रंगही देऊन झाला. आज बाई खाली गेल्या आणि घरमालकाला आपल्या खोलीची किल्ली देऊन आल्या. कायमची! मी सांगायच्या आधीच हे त्यांनी वहीत लिहून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. विचारायची गरजही नव्हती.

लेका, आता खाऊचा डबा पाठवशील तो दोघींचा. आणि केळी पिकलेली पाठव, हिचे दात माझ्यापेक्षा वाईट आहेत.