दिल्लीचा हुकूम आणि धुळ्याची मोटार

आबा, आज दुपारी घरात भरली ताटं टाकून माणसं उठली. माझ्या धाकट्याने पेपरातल्या एका जज्जाचं नाव घेतलं, थोरला लगेच म्हणाला, तो तर त्यांचाच माणूस, त्यांनीच बसवलाय, दुसरा काय निकाल देणार. धाकटा म्हणाला, मग गेल्या खेपेचा तुमचा नव्हता का? आवाज वाढले, सुनांनी डोळ्यांनी दटावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. खटला कशाचा होता, निकाल काय लागला, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मी विचारलं तर दोघे मिळून माझ्यावरच ओरडले, तेवढ्यापुरती भावाभावांची एकी झाली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ओट्यावर जाते, आत येते, चहा टाकते आणि विसरते. शेवटी नातीच्या वहीतला कागद फाडून घेतला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो.

तुम्ही नंदुरबारच्या मुन्सफ कोर्टात बेलीफ होता. कोरीटची शेती थोरल्या काकांकडे ठेवून तुम्ही ती नोकरी धरली आणि गावात खोली घेतली. खांद्यावरून आडवा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. माय तो बिल्ला चिंचेने घासायची आणि घासताना पुटपुटायची, की ह्या बिल्ल्यामुळे लोक तुम्हाला पाहून दार लावून घेतात. खरंच होतं ते. समन्स नाहीतर जप्ती, याशिवाय तुम्ही कोणाच्या दारात जात नव्हता. पण एक काम तुम्हाला फार आवडायचं. जप्त केलेला बैल सोडायचा हुकूम झाला, की तुम्ही भाकरीसुद्धा न खाता निघायचा. एकदा माय म्हणाली, ऊन उतरल्यावर जा, बैल काही पळून जात नाही. तुम्ही पायात वहाणा सरकवत म्हणालात, “हुकूम सोता चालत नही जास. कोनी तरी लई जावा लागस.” आणि गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा त्या शेतकऱ्याने दिलेल्या हिरव्या मिरच्या धोतराच्या सोग्यात होत्या. माय हसली होती.

मग लढाईची वर्षं आली, चले जावची चळवळ आली, आणि तुमच्या लेकाला, माझ्या भाऊला, घरातून उचलून नेलं. खटला नाही, साक्ष नाही, फिर्यादी कोण तेही माहीत नाही. नुसता सरकारी नियम, की ज्याच्याबद्दल सरकारला संशय वाटेल त्याला आत ठेवावं. तुम्हाला तो नियम कळेचना. आपल्या कोर्टात कोंबडीच्या भांडणालाही दोन साक्षीदार लागत. तुम्ही धुळ्याच्या तुरुंगात भाऊच्या भेटीला गेलात आणि म्हणालात, वरच्या कोर्टात अर्ज कर, सही दे, मी वकील पाहतो. भाऊ तुम्हाला म्हणाला, “चोरना घरमा चोरीनी फिर्याद कोन लई जास, आबा? कोर्ट त्यासनं, जज्ज त्यासना, पट्टाबी त्यासनाच.” हे तुम्ही घरी येऊन सांगितलं नाही. माय सोबत होती, तिने सांगितलं. तुम्ही त्या आठवड्यात बिल्ला स्वतः घासलात आणि मायला हात लावू दिला नाहीत.

मी तेव्हा नुकतीच धानोऱ्याला दिलेली. अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, जवळ आली म्हणून तुम्ही मला माहेरी आणायला आलात. गल्लीत निंबाला झोके बांधलेले होते. आखाजीला समोरच्या गल्लीतल्या पोरींना गाण्यातून शिव्या घालायच्या, त्यांनी आपल्याला घालायच्या, आणि सण संपला की पुन्हा एका विहिरीवर पाणी भरायचं, हा आपल्याकडचा रिवाज. एरवी नवऱ्याच्या टकलावरून, सासूच्या दातांवरून शिव्या असायच्या. त्या वर्षी गावाला दुसरंच वेड लागलेलं. मुंबईकडच्या कोणा कैद्याचा अर्ज थेट दिल्लीच्या सगळ्यात वरच्या कोर्टात गेला होता, आणि तो नियमच खरा की खोटा हे तिथले तीन जज्ज ठरवणार होते. एक गोरा, एक हिंदू, एक मुसलमान. झालं, जो तो जज्ज वाटून घेऊ लागला. गांधीटोपीवाले म्हणत, आपला एक तरी आपल्या बाजूने बोलेल, बाकीच्या दोघांकडून आशा नको. सरकारपक्षाचे म्हणत, गोरा आहे तोवर काळजी नाही. आपल्या शेजारचे कल्हईवाले चाचा भट्टीचा भाता हलवत सांगत, “बेलीफसाब, देखना, आखिर में इन्साफ अपनेवालाच करेगा.” तिघांनाही कोणी पाहिलेलं नव्हतं. पण गोरा दारू किती पितो, हिंदू कोणत्या गुरूकडे जातो आणि मुसलमान कोणाचा जावई, हे नंदुरबारात पानवाल्यालाही ठाऊक होतं.

तेच आमच्या गाण्यात आलं. समोरच्या गल्लीच्या पोरींनी झोका उंच नेत आमच्या गल्लीला गोऱ्या जज्जाची घोडी म्हटलं. मी गप्प बसणारी नव्हते. त्यांच्या वाटणीच्या जज्जाला मी अशी एक शिवी गाण्यात बसवली, की पोरी हसून झोक्यावरून उतरल्या. तुम्ही कोर्टातून येत होता. तुम्ही ऐकलंत. लग्न झालेल्या लेकीला बाप चारचौघांत बोलत नाही, पण तुम्ही झोक्याची दोरी धरून तो थांबवलात. “नवराले शिवी दे, सासूले दे, मले दे. जज्जले नको. जज्जले गल्ली नही ऱ्हास.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगते, मला तुमचा रागच आला. भाऊ तुरुंगात होता आणि तुम्हाला दिल्लीच्या अनोळखी माणसांची अब्रू पडली होती. घरी आले तर मायही लेकापायी माझ्यासारखीच चिडलेली. ती खापरावर पुरणाचा मांडा टाकत तुम्हाला म्हणाली, “मन्हा आंडोर घर येस का नही, तितलं सांगा. जज्ज काया का गोरा, मले काय करनं?” तुम्ही मांडा फाटेपर्यंत तिच्याकडे पाहत उभे होता आणि मग हात धुवायला गेलात.

निकाल आला तो चाचांच्या उर्दू पेपरात. त्यांनी भट्टी तशीच सोडली आणि काळ्या हातांनी पेपर घेऊन आपल्या ओट्यावर आले. “बेलीफसाब, तीनोंने एकच बात बोली. नियम गलत है.” गोऱ्यानेही तेच म्हटलं, हिंदूनेही, मुसलमानानेही. सरकारने ज्या नियमाने माणसं आत घातली तो नियमच कायद्यात बसत नाही. गावाला हे पचेना. वाटून घेतलेले जज्ज सगळ्यांच्या हातून एकदम निसटले. टोपीवाल्यांपैकी काहींना आनंद झाला, काही म्हणाले यात गोऱ्याचा काहीतरी डाव आहे. सरकारपक्षाचे म्हणाले, म्हातारा चळला, त्याला विलायतेला परत धाडा. आणि तुम्ही? तुम्ही हसत होता. तुमचे पुढचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं, कारण तुम्ही तोंड उघडून कधी हसतच नव्हता. तुम्ही मायला म्हणालात, मांडे पुन्हा कर. मायने पुरण वाटायला घेतलं, पण पदर डोळ्यांना लावत.

भाऊ आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मांडे नासले. तुम्ही कोर्टातून येऊन दाराकडे तोंड करून बसत होता, आणि मग एका सकाळी तुम्ही एकदम उठलात. तुमच्या चेहऱ्यावर अशी सुटका होती, की जणू सगळ्याचं कारण सापडलं. “आसं कसं ध्यानमा उनं नही! दिल्लीना हुकूम धुयाले कोन लई जाई? तठे बेलीफ कोन धाडी?” आबा, तुमच्या सबंध नोकरीत हुकूम आपोआप पोहोचलेला तुम्ही पाहिलाच नव्हता. मुन्सफसाहेबांनी सोडा म्हटलं तरी बेलीफ जाईपर्यंत बैल खुंट्यालाच असतो. तुम्हाला वाटलं, तीन जज्ज निकाल देऊन घरी गेले आणि तो धुळ्याला न्यायला माणूसच नेमला नाही. आज मी हे लिहिताना हसते आणि हसता हसता माझं नाक वाहू लागतं. तेव्हा मात्र मलाही ते अगदी बरोबर वाटलं होतं. तुम्ही रजा टाकली, पट्टा चढवला, चाचांकडून पेपर मागून घेतला, आणि भाऊ कपडे कोणते घालील म्हणून मायने त्याचं धोतर-सदरा माझ्याकडे दिला. मी हट्टाने सोबत आले.

लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी धुळ्याची मोटार चढण आली की थांबायची. माणसं उतरायची, ढकलायची, पुन्हा बसायची. तुम्ही पट्ट्यासकट ढकलत होता. धुळ्याला पोहोचेपर्यंत तुमचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता आणि बिल्ला फिरून काखेत गेला होता. तुरुंगाच्या कचेरीत तुम्ही वहाणा बाहेर काढून आत गेलात, सरळ उभे राहिलात, आणि कोणाच्याही दारात म्हणायचा त्या आवाजात म्हणालात, “कोर्टना हुकूम शे. मानूस सोडाना शे.” कारकून हसला. जेलर हसले नाहीत. वयस्क गृहस्थ होते, त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली, तुम्ही बसला नाहीत. ते म्हणाले, “बेलीफ, निकाल आम्हाला कळला होता. पण त्यानंतर सरकारने वटहुकूम काढलाय. नियम दुरुस्त केला, आणि आधीची अटकही कायदेशीर धरायची असं त्यात लिहिलंय. तुमचा मुलगा आता नव्याने आत आहे, असं समजा.”

तुम्हाला ते समजायला वेळ लागला. मी तुमच्या मागे कपड्यांचं गाठोडं धरून उभी होते. “निकालना बाद?” तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, निकालानंतर. तुम्ही अगदी शांतपणे, एखाद्या नवशिक्या कारकुनाला समजवावं तसं म्हणालात, “साहेब, हारेल मानूस निकालना बाद कागद बदली सकस का? आमना कोर्टमा आसं कोनी कयं तर त्याले फौजदारीमा धाडतस.” जेलरांनी टेबलावरचा दौतीचा टाक उचलला, परत ठेवला, आणि भेटीची वेळ नसताना भाऊला आणायला सांगितलं.

भाऊ गजांपलीकडे आला. वाळून गेला होता, दाढी वाढलेली. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्या पट्ट्याकडे. “आबा, तुम्ही मन्हाकरता पट्टा घाली उनात?” तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं आता तो काहीतरी तोडून बोलेल, त्याची जीभ तशीच होती. त्याने गजांतून हात काढला आणि तुमच्या काखेत गेलेला बिल्ला ओढून छातीवर सरळ केला. बराच वेळ त्याने हात तिथून काढला नाही. मी रडत होते आणि शिपाई मला रडू नका, बाई, असं म्हणत होता.

पुढचं गावाला माहीत आहे. सरकारी पट्टा घालून तुरुंगावर गेल्याबद्दल तुमच्यावर ठपका आला आणि बेलीफकी काढून तुम्हाला दफ्तरखान्यात बसवलं. टोपीवाले हार घेऊन घरी आले, बेलीफ आपल्यात आला म्हणाले. सरकारपक्षाचे तुम्हाला निमकहराम म्हणाले. तुम्ही हार घेतला नाहीत आणि शिवीला उत्तरही दिलं नाहीत. लढाई संपत आली तेव्हा भाऊ सुटला. त्यानंतर तुम्ही दोघे पुन्हा भांडलात, पुष्कळ भांडलात, पण पट्ट्याचा विषय त्याने परत काढला नाही. हे सगळं मी मुलांना अनेकदा सांगितलंय. त्यातला थोरला म्हणतो, आजोबा आपल्या विचाराचे होते. धाकटाही तेच म्हणतो.

त्यांना मी परतीच्या मोटारीतलं मात्र कधी सांगितलं नाही. आपल्याला मागची बाकडी मिळाली होती. तुम्ही पट्टा उतरवून घडी घालून मांडीवर ठेवला होता. मी मनात सरकारला, जेलरला, त्या झोक्यावरच्या पोरींना, सगळ्यांना शिव्या घालत होते, आणि मला वाटलं तुम्हीही तेच करत असाल. दोंडाईचा मागे पडलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचे डोळे लाल होते. “त्या तीन जज्जस्ले माहीत व्हई का वं, त्यासना हुकूम कोनी मानाच नही?” तुम्हाला त्यांची काळजी वाटत होती. पोरगा आत राहिला होता, नोकरी जाते की राहते माहीत नव्हतं, आणि तुम्ही दिल्लीतल्या तीन माणसांना वाईट वाटेल म्हणून कासावीस झाला होता. मी म्हटलं, “व्हई ना, आबा. त्यास्ले बठं माहीत ऱ्हास.” तुम्ही मान हलवलीत, माझ्या खांद्यावर डोकं टेकलंत आणि नंदुरबार येईपर्यंत झोपलात.

आबा, त्यांना सगळं माहीत असतं म्हटलं खरं, पण मला काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला झोप लागावी म्हणून मी तसं म्हटलं. हा कागद मी कुठे टाकणार? पण आज दुपारी दोन्ही पोरं भांडत असताना मला त्यांना तुमचाच मोटारीतला प्रश्न विचारायचा होता, आणि मी विचारला नाही, कारण ते काय उत्तर देतील याची मला भीती वाटली.