राखाडी पाच नंबर

११ ऑगस्ट १९८५, रविवार
अब्दियास गुरुजी गेले. एका पेनल्टीपायी!
सामन्याचे पंच तेच; त्यांनी शिट्टी वाजवली आणि दोन्हीकडची माणसं मैदानात घुसली — आमची, कोलंबियातल्या लेतिसियाची आणि सीमेपलीकडची, ब्राझीलमधल्या तबातिंगाची. चिखल, लाथा, काठ्या. गर्दी पांगली तेव्हा ते गोलच्या खांबाशी पडलेले. बरगड्यांखाली सुरा. शाळेत गणित त्यांनीच शिकवलं मला.
एल्बानोदादा उशिरा घरी आला. ओठ फुटलेला, शर्ट नदीवर धुऊन आणलेला. "ब्राझीलवाल्यांनी मारलं," एवढंच म्हणाला.

१२ ऑगस्ट
पलीकडचा ओझोरियो लग्नांचं शूटिंग करतो. काल सामन्याचं करत होता. आमच्या लोकांनी त्याचं घर फोडलं, त्याची बोटं दारात चिरडली, कॅसेट आणि व्हीसीआर उचलून आणला. हुवेनालच्या सलूनमधल्या टीव्हीला जोडला.
व्हीसीआर ब्राझीलचा, टीव्ही आमचा. चित्राच्या रेघा दोन्हीकडे सारख्याच, फक्त रंग पाठवायची रीत वेगळी. आमच्या टीव्हीला तो रंग कळत नाही. चित्र स्थिर, पण राखाडी.
पाठमोरा माणूस. पाठीवर पाच. हात खाली जातो, वर येतो, पुन्हा जातो. चेहरा दिसत नाही.
"लाल शर्ट!" हुवेनाल ओरडला. "लालच!" सगळे.
पडद्यावर लाल नव्हताच! पण हे गाव वर्षानुवर्षं पलीकडच्या मालिका राखाडीत बघतं आणि रंग आपल्या मनाने भरतं. नायिकेचा झगा निळा की जांभळा, यावर आई शेजारणीशी भांडते. 'माहीत नाही' असं कोणी म्हणत नाही.
पाच नंबर दोन्ही संघांत होता. त्यांचा लाल — वाल्देसीर. आमचा हिरवा — दादा.

१४ ऑगस्ट
वाल्देसीरचा धाकटा भाऊ आमच्या लोकांना धक्क्यावर सापडला. वल्ह्याने जबडा फोडला. त्यांची होडी जाळली.
"रविवारी चर्च सुटलं की मोठ्याला गाठू. जिवंत सोडायचा नाही!" — हुवेनाल.
मनाऊसच्या बोटीवरून माझ्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानाचे सुटे भाग वाल्देसीर आणून देतो. आजवर एकही फुटला नाही. एवढंच लिहिते.

१५ ऑगस्ट
हुवेनालला म्हटलं, "टीव्हीत सर्किटची एक पट्टी बसवते. ब्राझीलचा रंग दिसेल."
"रंग कशाला, इंजिनियरबाई? आंधळ्यालाही दिसतोय लाल!"
सगळे हसले. खुर्चीत दादा दाढीला बसला होता. तो हसला नाही. आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

१६ ऑगस्ट
हेड साफ करायचं सांगून व्हीसीआर दुकानात आणला, कॅसेटसकट. माझ्या टीव्हीत पट्टी आहेच.
गवत हिरवं. शर्ट हिरवा.
पट्टी तपासली. पुन्हा लावलं. हिरवाच.

१७ ऑगस्ट
आईला सांगितलं. ती युकाचे कंद सोलत होती. सुरी थांबली नाही.
"विसर."
"उद्या ते वाल्देसीरला मारतील, आई."
"एल्बानो तुझा भाऊ आहे. तो पलीकडचा कोण लागतो तुझा?"
मी दुकानात परतले.
मागोमाग दादा आला. का मारलंस, एवढंच मी विचारलं. म्हणाला, "ती पेनल्टी नव्हती, नीदिया." जणू त्यात सगळं आलं! मग टेबलावरची, तारा जोडायची तापलेली डाखणी उचलली, माझा उजवा हात धरला आणि तळव्यावर टेकवली. "हुवेनालचा व्हीसीआर जसा होता तसा परत दे. कळलं?"
कळलं म्हटलं.
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाईट.

१८ ऑगस्ट, रविवार
व्हीसीआर जसा होता तसा परत दिला. सगळे चर्चमध्ये असताना हुवेनालच्या टीव्हीत पट्टी बसवली. एका हाताने वेळ लागला.
चर्च सुटलं. सलूनमध्ये कोयते, वल्ही, काठ्या. निघण्याआधी एकदा कॅसेट बघायची, रक्त तापायला — हुवेनालची कल्पना. दादा सगळ्यांच्या पुढे, पडद्याला नाक लावून. अंगात संघाचा शर्ट.
आधी गवत हिरवं आलं. मग शर्ट.
कोणी ओरडलं नाही. मागच्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग दादाच्या पाठीकडे.