सहावं रीळ घेऊन निघा

प्रिय भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद. तुम्ही तिकडे सुखरूप असाल, गुडघे वेळच्या वेळी दुखत असतील आणि जाऊबाई अजून तुमचं ऐकून घेत असतील, अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहायला सांगितलं. खरं काय ते पुढे येईलच. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. (म्हणून तिच्याबद्दल या पत्रात सगळं चांगलंच येईल.) तुमचे दादा समोरच्या खुर्चीत बसून शब्द न् शब्द ऐकताहेत. चौतीस वर्षं तुम्हा भावाभावांत बोलणं नाही, पण तुम्हाला काय काय सुनवायचं याची यादी त्यांच्याकडे तयार आहे. त्यातलं निम्मं मी वाटेतच सांडलं. फोन का केला नाही म्हणाल, तर दादा म्हणतात, फोन तो खाली ठेवून देईल. म्हणून हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे.

तर भाऊजी, दादांना काचबिंदू झाला आहे. डावा डोळा गेलाच. उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं. ताटातली पोळी दिसते, वाटी दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी ऑपरेशन ठरवलं आहे. गेलेलं परत येणार नाही, पण उरलंय ते राहील म्हणाल्या. हा शुक्रवार हुकला तर पुढची तारीख दीड महिन्यानं, आणि तोवर डोळा काही आमची वाट बघत थांबायचा नाही. आज मंगळवार. दादा तयार होते, पिशवी भरून झाली होती, टॉवेलसुद्धा ठेवला होता. आणि रविवारी सकाळी म्हणाले, त्याआधी एकदा माझा सिनेमा बघतो. न जाणो.

कुठला सिनेमा ते तुम्हाला सांगायला नको. आपलं थेटर बंद पडलं तेव्हा सिनेमाची कॉपी पाठवणारी कंपनी त्याआधीच बुडाली होती, म्हणून मालकानं सिनेमाचे सहा डबे, जुन्या जाहिरातींचा एक डबा आणि लहान मशीन दादांच्या हवाली केलं. ते घोड्यांचे सिनेमे आठवले की अजून माझ्या नाकात धूळ जाते. दादा मशीन चालवायचे, तुम्ही दारावर टॉर्च घेऊन, आणि मी केबिनमध्ये संपलेलं रीळ उलटं गुंडाळायची, तुटलं तर खरवडून जोडायची आणि भोकातून पडदा बघायची. इंग्रजी मला येत नव्हतं, पण खाली बसलेल्या चारशेजणांना तरी कुठे येत होतं? त्या अंधारात सगळेच अंगठेबहाद्दर. शिवाय ते लोक बोलायचेच किती! घरातले पुरुष (समोरचे धरून) काय करणार आहेत ते तासभर सांगतात आणि मग चहा मागतात. दादांचा हिरो, तो लंबू, एक शब्द न बोलता उठायचा, टोपी चढवायचा, आणि सगळ्या गावाला कळायचं की आज कोणाचे तरी दिवस भरले. पन्नाशी उलटली होती त्याची, चेहरा वाळत घालून विसरलेल्या चामड्यासारखा, पण घोड्यावरून उतरताना कधी तोंड वाकडं केलं नाही. तुम्ही सायकलवरून उतरताना करायचात. आताचे हिरो बघा, सोललेल्या बटाट्यासारखे. त्या सिनेमांतल्या बायकांचं मात्र मला नवल वाटायचं. चार दिवस घोडागाडीतून धूळ खात आलेली बाई, आणि बाह्या पांढऱ्याशुभ्र! धुतल्या कुठे, वाळत कुठे घातल्या, एकदाही दाखवलं नाही.

आणि तुमचा लाडका चिरूट्या. होता दुष्ट, पण तुमचा जीव त्याच्यावर. सहाव्या रिळात तो मरतो म्हणून तुम्ही टॉर्च घेऊन बाहेर जाऊन उभे राहायचात. हे रीळ एकदा जाळून टाकलं पाहिजे, असं केबिनच्या दारात म्हणाला होतात, ते दादांनी जपून ठेवलं. तुम्ही नव्या नोकरीसाठी निघालात त्याच आठवड्यात सहाव्या डब्यात साबणाच्या जाहिराती निघाल्या. दादांना साक्षीदार लागला नाही. तुम्हीही, तुझ्या रिळावर मी थुंकतसुद्धा नाही, असं म्हणून बसमध्ये चढलात. दोघेही एकाच आईचे.

असो. रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर एक पांढरी ताणली, जेवणाच्या टेबलावर मशीन चढवलं. शेजारचा वायरमन मदतीला होता, पण दादांनी त्याला हात लावू दिला नाही. दिसत नाही तरी बोटांनी चाचपत रीळ लावलं, मशीनच्या चाकाचा एक दात चुकला नाही. रीळ आता वाळून कुरकुरीत झालंय, डबा उघडला की शिरक्याचा भपकारा येतो. प्रत्येक सांधा पुढे सरकला की मी श्वास सोडायची. तिसऱ्या रिळात व्हायचं तेच झालं, रीळ अडकलं. लंबू दारात उभा, आणि त्याच्या टोपीच्या मधोमध तपकिरी डाग, तो फुगतोय, पसरतोय. वायरमन बघतच राहिला. दादांना डाग दिसला नाही, पण आवाज बदललेला त्यांच्या कानांनी पकडला आणि दिवा बंद केला. मी जळका तुकडा कापून सांधा जोडला. पहिला सुटला, म्हणून दोनदा जोडावा लागला. दादा वायरमनला म्हणाले, हिच्या हातून आजवर एक रीळ चुकलेलं नाही. मी कात्री पुसत बसले.

पाचव्या रिळाचा शेवट तुम्हाला आठवत असेल. रिकामा रस्ता. पटापट बंद होणारी दारं. एका टोकाला लंबू, दुसऱ्या टोकाला तुमचा चिरूट्या. तो तोंडातला चिरूट काढून टाकतो, लंबूची बोटं पिस्तुलाशेजारी उघडतात, वारा पडतो, आणि चादर पांढरी. दादांनी मशीन थांबवलं नाही. रिळाचं शेपूट टरटर फिरत होतं आणि ते त्या पांढऱ्या चादरीकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘त्याला बोलवा. रीळ घेऊन ये म्हणावं. शेवट बघितल्याशिवाय मी डोळ्याला सुरी लावू देणार नाही.’

मला वाटलं, तासाभरात खूळ उतरेल. उतरलं नाही. काल त्यांनी पिशवीतला टॉवेल काढून परत दोरीवर टाकला. मुलगा ओरडला, सूनबाईनं समजावलं (फार छान समजावलं), डॉक्टरीणबाईंनी फोनवर झापलं. दादा म्हणतात, डोळा माझा आहे. तेव्हा भाऊजी, पत्र मिळताच निघा. रीळ घेऊन निघा. नेलं नाही असं म्हणू नका. दादा म्हणतात, नेलंच आहे, आणि त्यांच्यापुढे मी काय बोलणार? जाऊबाईंना आशीर्वाद. खाली अंगठा उठवला आहे.

तुमची वहिनी

ता. क. — दादा आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज चालू आहे तोवर सांगते. रीळ शोधत बसू नका. तुम्ही ते चोरलं नाहीत. पण नेलं मात्र तुम्हीच. मोठ्या दुकानात नोकरी लागली म्हणून मी तुम्हाला सहा शर्ट शिवून दिले होते, आठवतात? कॉलर ताठ राहायला आत पट्टी लागते. दादा म्हणाले होते, चेपक्या झाकणाच्या डब्यात जुन्या जाहिराती आहेत, त्यातलं रीळ घे. आकडे मला वाचता येत नाहीत, मी डबे झाकणांवरून ओळखायची. आणि त्याच्या आदल्याच दिवशी सगळी झाकणं गंजली म्हणून एकत्र घासून उन्हात मांडली होती, घरातले डबे मांडावे तशी. बसवताना अदलाबदल झाली. रीळ गरम सोड्याच्या पाण्यात टाकलं, सगळी चित्रं उतरून काचेसारखं लख्ख झालं. तुमच्या कॉलरी शिवून झाल्यावर न धुतलेला वीतभर तुकडा हाती लागला. उजेडाला धरला तर रिकामा रस्ता आणि लंबू. तोवर तुम्ही बसमध्ये बसला होतात. तुमचा चिरूट्या मोरीतून वाहून गेला, भाऊजी, आणि उरलेलं तुम्ही गळ्यात घालून फिरलात. (सूनबाईनं पेन खाली ठेवलंय आणि माझ्याकडे बघते आहे. लिही गं, पाणी थांबेल.)

ता. क. — सांगून टाका म्हणाल. चौतीस वर्षं रोज सांगणार होते. पहिल्या दिवशी दादांचा राग ऐन भरात होता, मध्ये कशाला बोलायचं म्हणून राहिले. नंतर दादा येईल-जाईल त्याला माझ्या हाताचं कौतुक सांगायला लागले, मग तोंड उघडेना. आणि आता सांगितलं तर त्यांना कळेल की शेवट आता कुठेच नाही. मग डोळा राखायचा तरी कशासाठी, असं म्हणायला ते कमी करणार नाहीत.

ता. क. — पाणी थांबलं. खरं मागणं हे. गुरुवारच्या आत या, रिकाम्या हातानं या, आणि दादांसमोर उभं राहून सांगा, हो, मीच नेलं, चिरूट्याचं मरण बघवलं नाही म्हणून नेलं आणि हरवलं. चौतीस वर्षांनी आपलंच खरं निघालं असं कळलेला माणूस कुठल्याही टेबलावर मुकाट आडवा होतो. मग त्यांच्याजवळ बसा आणि शेवट तोंडी सांगा. तुम्ही बाहेर उभे असायचात, तुम्हाला तो धड माहीत नाही, हे मला ठाऊक आहे. बिनधास्त चुकीचा सांगा. लंबूला जिंकवा, पण चिरूट्याला मारायला जिवावर आलं तर हातावर गोळी लागू द्या आणि घोड्यावर बसवून धाडून द्या. दादा उसळतील, भांडतील, शुक्रवारनंतरही भांडत राहतील. त्यासाठी भांडणारा समोर दिसायला हवा, एवढं त्यांना आपोआप कळेल. टॉवेल मागताहेत. या.