पिवळ्या एप्रनातला कंजूष

ती. आत्यास,

तुझ्या गुडघ्यांना धक्का न लावता लांबूनच वाकून नमस्कार. दुखणं आता कसं आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हणून बजावलंय आणि तू रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, ही बातमी आईमार्फत इथवर पोचली आहे. (आपल्या घरात सगळ्या बातम्या आईमार्फतच पोचतात आणि वाटेत चांगलं बाळसं धरतात.) तशीच माझं लग्न मोडल्याची बातमीही तुझ्याकडे पोचली असणार. म्हणून आधी तेच सांगून टाकतो: लग्न मोडलेलं नाही. मोडता मोडता राहिलं. स्थळ तू आणलेलं, तेव्हा खरी हकीकत तुला माझ्याकडूनच कळावी, म्हणून लिहायला बसलोय.

मी नेमकं काय काम करतो हे तुला आजवर नीट सांगता आलेलं नाही. तू लोकांना "माकडांच्या ऑफिसात असतो" असं सांगतेस, ते अगदीच खोटं नाही. आमच्या संस्थेत चिंपांझी आहेत आणि त्यांच्या डोक्यात काय चालतं याचा आम्ही शोध घेतो. सध्याचा प्रश्न असा, की एक माणूस दुसऱ्याशी कसा वागतो हे नुसतं लांबून बघून चिंपांझी त्याच्याविषयी मत बनवतात का? आपण माणसं तर यात पटाईत. (वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात तुला वाट दिली नाही, तर त्यांच्या अख्ख्या खानदानाविषयी तुझं मत कायमचं ठरून गेलं.) तर त्यासाठी चिंपांझींना काचेपलीकडून रोज एक छोटं नाटक दाखवायचं. कोणीतरी येऊन खायला मागतो. निळ्या एप्रनातला माणूस देतो, पिवळ्या एप्रनातला देत नाही. शेवटच्या दिवशी दोघांनी सारखीच द्राक्षं घेऊन जाळीपाशी उभं राहायचं आणि चिंपांझी कोणापुढे हात पसरतात ते बघायचं. निळा एप्रन माझ्या गोल चेहऱ्याच्या सहकाऱ्याला मिळाला. (त्याला आम्ही तेव्हापासून दानशूर म्हणतो आणि तो ते फारच मनावर घेतो.) पिवळा माझ्या वाट्याला आला. तुमच्या चेहऱ्याला वेगळं काही करावं लागणार नाही, असं आमच्या मॅडम म्हणाल्या. नियम एकच, पण कडक: चिंपांझींच्या नजरेसमोर असेपर्यंत पिवळ्या एप्रनाने कोणालाही काहीही द्यायचं नाही. पेन नाही, रुमाल नाही, किती वाजले तेसुद्धा नाही. एकदा हात सैल सुटला की सगळ्यांची कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात.

नेमके त्याच दिवसांत, तू सुचवलेल्या त्या मुलीचे बाबा म्हणाले, जावयाचं कामाचं ठिकाण बघून येऊ. ते कस्टममधून निवृत्त झालेत हे तुला माहीतच आहे. आयुष्यभर लोकांच्या बॅगा उघडल्यामुळे आता त्यांना माणसंही उघडून बघायची सवय लागली आहे. दुपारी येतो म्हणाले आणि तिला घेऊन सकाळीच आले. पहारेकऱ्याने कौतुकाने दोघांना थेट काचेसमोरच्या खोलीत आणून सोडलं. मी तिथे पिवळा एप्रन घालून उभा, आणि काचेपलीकडे आमची आक्का. आक्का म्हणजे कळपातली सर्वांत म्हातारी मादी. हाताच्या मुठीवर हनुवटी टेकवून ती असं बघते, की नव्या माणसाला आपण मुलाखतीला आलोय असं वाटावं. मी तोंड उघडून काही सांगणार, एवढ्यात जिना चढून दमलेल्या बाबांना जोराचा ठसका लागला. माझी पाण्याची बाटली माझ्याच हातात होती. त्यांनी हात पुढे केला. मी नकारार्थी मान हलवली. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. आत्या, मी ती बाटली पाठीमागे लपवली.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेवढ्यात दानशूर निळ्या एप्रनात धावत आला. हातात पाण्याचा ग्लास. त्याने बाबांची पाठ चोळली, खुर्ची दिली, वर वारासुद्धा घातला. (एवढं सगळं प्रयोगात नव्हतं.) पाणी पिऊन झाल्यावर बाबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, तुमचं लग्न झालंय का?

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी एप्रन काढून त्यांना सगळं समजावून सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, बुटाच्या तळव्यात सोनं सापडलेल्या प्रत्येक माणसाकडे असंच लांबलचक स्पष्टीकरण असायचं. ती नुसती माझ्याकडे बघत होती. त्यानंतर त्यांच्याकडून फोन नाही, निरोप नाही. आई माझ्याशी बोलेनाशी झाली आणि बाकी सगळ्यांशी बोलू लागली. मला जेवण जाईना. आजवर मुली बघायला नको म्हणणारा मी, पण ही मला मनापासून आवडली होती, हे तुला म्हणून सांगतो.

शेवटी तिनेच मॅडमना फोन करून परवानगी काढली आणि शेवटच्या चाचणीच्या दिवशी बाबांना ओढत घेऊन आली. दोघं मागे बाकावर बसले. एका टोकाला दानशूर, दुसऱ्या टोकाला मी, दोघांच्या हातात सारखीच द्राक्षं. जो मागेल त्याला द्यायची मुभा आज मलाही होती, पण मागायला कोण येतंय? एकेक चिंपांझी आला तो सरळ दानशूराकडे गेला. कळपातल्या दांडगोबाने तर जाता जाता तोंडभर पाणी आणून माझ्या अंगावर उडवलं, आणि मागे बाबांनी समाधानाने घसा साफ केला. सगळ्यांत शेवटी आक्का आली. तिने दानशूराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश चालत येऊन माझ्यासमोर बसली. ओठ पुढे काढून तिने जाळीतून हात बाहेर काढला आणि तळवा माझ्यापुढे धरला. मी द्राक्षं ठेवली. माझे डोळे भरून आले, त्यात लाजायचं काय? बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "म्हातारीला माणूस कळतो." आणि तिथल्या तिथे होकार दिला. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये दोन माणसांचं जेवलो. छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय, ते मला आता कळतं.

तब्येतीला जप. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना एकेक टपली.

तुझा,
माकडांच्या ऑफिसातला भाचा

ता. क. दानशूर हल्ली उदास असतो. बाबांनी लग्नाचं विचारल्यापासून त्याला आशा लागून राहिली होती. त्याच्यासाठी एखादं स्थळ असेल तर बघ. स्वभावाने चांगला आहे, फक्त एप्रन काढून बघायला हवा.

ता. क. पुन्हा. खरं काम हे आहे. मॅडमनी जुनी चित्रणं तपासली. आक्का रोज त्याच वेळी त्याच टोकाला बसते, कारण तिथे ऊन येतं. तिथे बसून ती समोर जे असेल त्यापुढे हात पसरते. एकदा खुंटीवर टांगलेल्या एप्रनापुढे पसरलाय, एकदा फरशी पुसायच्या दांडक्यापुढे. रविवारी बाबा लग्नाची तारीख ठरवायला तुझ्याकडे येताहेत. ते आक्काची गोष्ट सांगतील, रंगवून सांगतील. तू फक्त मान हलव.

ता. क. शेवटचं. तिला मात्र मी खरं सांगून टाकलं, लपवणं जमेना. ती म्हणाली, "मी आक्काकडे बघतच नव्हते. माझा निर्णय पहिल्याच दिवशी झाला होता. बाटली लपवून उभा होतास तेव्हा बाबांच्या प्रत्येक ठसक्याबरोबर तूही खोकत होतास."